जाऊ बाई गावात... पण राहायचं कुणी?

आधी एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. नर्सरीपासून दहावीपर्यंत मराठी हा आमच्याकडे 'थर्ड लँग्वेज' नावाचा एक त्रास होता आणि अजूनही कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी मनातल्या मनात सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन असा हिशोब करते. त्यामुळे मराठी विभागासाठी 'तू पण लिही' असं सांगण्यात आलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण विषयच असा डोक्यात बसला होता, की तो इंग्लिशमध्ये लिहिला असता तर ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी वाचलाच नसता. शुद्धलेखन तपासणाऱ्या सरांचे आधीच आभार. मतं माझी आहेत, त्यांची नाहीत!

तर मित्रमैत्रिणींनो, सुरुवात आपल्या मेसमध्ये झाली.

2025 च्या ऑगस्टमध्ये झी टीव्हीवर 'छोरियाँ चली गाँव' नावाचा रिअॅलिटी शो सुरू झाला. रणविजय सिंघा अँकर. टीव्हीवरच्या, इन्स्टावरच्या नावाजलेल्या मुली मध्य प्रदेशातल्या बमुलिया गावात जाऊन राहणार, गोठा-चूल-शेत सगळं करणार आणि शेवटी जी टिकेल ती जिंकणार. लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाच्या वेळी तो लागायचा. आम्ही ताट घेऊन टीव्हीसमोर! एका रात्री एक नटी गाईचं दूध काढायला बसत होती, उठत होती, परत बसत होती, आणि आम्ही सगळ्या हसून हसून लोळत होतो. भाजी वाढणाऱ्या मावशी मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्या बाईला दूध काढायचा पगार किती गं?"

कुणीतरी म्हणालं, "मावशी, लाखांत असेल."

"आन् नाय निघालं तरी?"

"नाही निघालं तरी."

मावशी "बरंय" म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाला भाजी वाढायला गेल्या. आम्ही परत हसलो, पण त्या वेळी माझं हसणं जरा अर्धवट झालं.

मग कळलं की ही आयडिया मूळची मराठीच. डिसेंबर 2023 मध्ये झी मराठीवर 'जाऊ बाई गावात' आला होता. शहरात, लाडात वाढलेल्या मुली गावात. अँकर हार्दिक जोशी, म्हणजे 'तुझ्यात जीव रंगला' मधला आपला राणादा. (टीव्हीवर शेतकरी झालेल्या माणसाकडे गावाची किल्ली देणं हे चॅनेलचं लॉजिक मला फार आवडलं.) गाव होतं बावधन. मी पुण्याची, कोथरूडची, त्यामुळे मला वाटलं चांदणी चौकाजवळचं आमचं बावधन! म्हटलं, तिथे कसली गाय, तिथे पार्किंगला जागा नाही. रूममेटनं कपाळाला हात लावला. हे सातारा जिल्ह्यातलं, वाई तालुक्यातलं बावधन, रंगपंचमीच्या बगाडासाठी प्रसिद्ध असलेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये रमशा फारुकी तो शो जिंकली, वीस लाख रुपये मिळाले. आम्ही तो नंतर लॅपटॉपवर सलग बघितला. पीएलमध्ये. रिझल्टचं विचारू नका.

या प्रकाराची खानदानच मोठी आहे. 2001 मध्ये स्वीडनच्या टीव्हीवर 'फार्मेन' सुरू झालं. जुन्या काळच्या शेतावर, जुन्या पद्धतीनं राहायचं आणि एकेकानं बाहेर पडायचं. इंग्लंडच्या चॅनेल फाइव्हनं 2004 मध्ये त्यात सेलिब्रिटी घातले. त्याआधी 2003 मध्ये अमेरिकेत हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातली पॅरिस हिल्टन आणि तिची मैत्रीण निकोल रिची आर्कान्सामधल्या आल्टस नावाच्या छोट्या गावात एका शेतकरी कुटुंबाकडे जाऊन राहिल्या. त्या शोचं नाव 'द सिंपल लाइफ'. आपल्याकडे 2010 मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर 'देसी गर्ल' आला, पंजाबच्या गावात. रोशनी चोप्रा जिंकली. म्हणजे पंचवीस वर्षं जगभर एकच जोक चाललाय: शहरातल्या बाईच्या हातात शेण द्या आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर ठेवा.

आता कुणी म्हणेल, एवढं काय सिरियसली घ्यायचं? टाइमपास आहे. मान्य! मी स्वतः शेवटपर्यंत बघितला आणि रडले पण. त्या मुली खरंच शिकल्या, गावातल्या बायकांनी त्यांना खरंच जीव लावला, हे दिसतं. मला चिडायचंय ते त्या मुलींवर नाही. 'द सिंपल लाइफ' या नावावर चिडायचंय. 'गावचं साधं जीवन' हे आपल्याकडे पण कायम ऐकतो. 2024 मध्ये बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन जिंकला तेव्हा बॉइज हॉस्टेलला तर दिवाळीच झाली असती. उलटा खेळ होता तो, गावचा पोरगा सत्तर दिवस शहरी घरात. आणि त्याचं कौतुक करताना प्रत्येकाच्या तोंडात एकच शब्द: 'साधा'. किती साधा आहे! माणूस साधा असतो, ठीक. पण शेती साधी? माझ्या डोक्यात पण हेच होतं, निमगाव केतकीला जाऊन येईपर्यंत.

माझी रूममेट निमगाव केतकीच्या पुढची. आपल्या लोणी देवकरपासून लांब नाही, पण इंदापूरला एसटी बदलायची, आणि प्रॅक्टिकल संपून शेवटची गाडी मिळत नाही म्हणून ती हॉस्टेलला राहते. डिसेंबरात दोन दिवस तिच्या घरी गेले. मनात टीव्हीवालं गाव होतं. जातं, चूल, बैलगाडी. प्रत्यक्षात दारात ट्रॅक्टर, स्वयंपाकघरात गॅस आणि मिक्सर, डाळिंबाच्या बागेत ठिबक, आणि दादाच्या मोबाईलवर फवारणीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात रोज सकाळी कुणीतरी फळावरच्या डागाचा फोटो टाकून विचारतंय, 'हा तेल्या आहे का?' बैल नाहीतच. बैलगाडीत बसायचं असेल तर बारामती तालुक्यात पळशीवाडीला कृषी पर्यटन केंद्र आहे, तिथे पैसे भरून बसता येतं. चांगला धंदा आहे, त्यात वाईट काही नाही. पण शेतकऱ्याच्या घरी बैलगाडी नाही आणि पर्यटकांसाठी आहे, हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं.

नाही, एक चुकले. बैलगाड्या मी बघितल्या. ऊसतोड कामगारांच्या. कारखान्यांचा सीझन सुरू झाला की संध्याकाळी रस्त्यावरून ऊस भरलेल्या गाड्या जातात, वर बाई बसलेली, कधी कधी मांडीवर मूल. मराठवाड्यातून, बीड-बिडून येतात, पाच-सहा महिने कोप्यांत राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात, उचलही तशीच जोडीवर. जुन्या पद्धतीनं, बैलांवर, उघड्यावर चुलीवर भाकरी करून शेतात राहणं जर कुठे उरलं असेल तर ते तिथे आहे. तिथे कुणी शो काढत नाही. काढूही नये!

असो. मी सांगत होते दादाबद्दल.

तो आठवडा त्यांच्या फीडरला रात्रीची लाइट होती. शेतीला थ्री फेज पाळीपाळीनं मिळते हे मला टेक्स्टबुकसारखं माहीत होतं. मी इलेक्ट्रिकलची, लोड शेडिंगवर सेमिनार दिलेला आहे, पंचवीसपैकी बावीस मार्क. पण रात्री बारा वाजता अंगावर घोंगडी, हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन निघणारा माणूस त्या सेमिनारच्या एकाही स्लाइडवर नव्हता. डाळिंबाला ठिबक आहे, पण उसाला अजून पाटानं पाणी जातं, तिथे दारं धरावी लागतात. दारं धरणं म्हणजे एक सरी भरली की मातीनं तिचं तोंड बांधायचं आणि पुढचीचं फोडायचं. झोपलात तर पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात.

मी हट्टानं सोबत गेले, रूममेट पण आली. दादानं स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि लगेच लाल दाबलं.

"काय झालं?"

"आवाज बघ ना. एक फेज न्हाई."

मला तर काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मग मी उत्साहात आले! दादाला सिंगल फेजिंग समजावून सांगितलं: एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांतून करंट वाढतो, वाइंडिंग तापतं, मोटर जळते, म्हणून प्रिव्हेंटर बसवायचा असतो. दादा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "होता की. दोन वर्षांखाली तोच जळाला." मग डीपीपर्यंत चालत गेलो. फ्यूज ठीक होते. म्हणजे मागूनच फेज नव्हता. करायचं काय? थांबायचं.

थांबायचं! हीच ती गोष्ट, जी कुठल्याच शोमध्ये नाही. बारा ते अडीच आम्ही विहिरीच्या कडेला पोत्यावर बसून होतो. काहीच घडत नव्हतं. एडिटरनं पहिल्यांदा कापलं असतं ते हेच अडीच तास. आणि शेती बघायला गेलं तर मोठ्या प्रमाणात हेच आहे. फेजची वाट. पावसाची वाट, नाहीतर तो थांबायची वाट. डाळिंबाला बहार धरण्याआधी ताण देतात, म्हणजे मुद्दाम पाणी तोडून झाडाला उपाशी ठेवायचं, पानं गाळायची, छाटणी करायची, मग खत आणि पाणी दिलं की फूट आणि कळी निघते. मृग, हस्त की आंबे, यातला कुठला बहार धरायचा हे आधी ठरवायचं. मृग धरला तर पाणी पावसाचं मिळतं पण पावसाळी हवेत तेल्याची भीती. आंबे बहार धरला तर रोग कमी पण उन्हाळ्यात पाणी हवं. हा निर्णय चुकला तर कळायला सहा महिने लागतात. यात कुठलं टास्क, आणि कुठल्या मिनिटाला घंटा वाजवणार? टीव्हीवाले हातांची परीक्षा घेतात: दूध निघालं का, भाकरी गोल झाली का. हात महिन्याभरात शिकतात, माझेही शिकले असते. या घरात जे काही पणाला लागतं ते हातांमुळे नाही लागत, ठरवण्यामुळे लागतं, आणि ठरवून झाल्यावर वाट बघण्यामुळे.

वाट बघताना दादानं मोबाईलवर 'क्लार्कसन्स फार्म' लावला. मला धक्काच! 2021 मध्ये अॅमेझॉनवर आला तो, गाड्यांच्या शोवाला जेरेमी क्लार्कसन इंग्लंडमधली आपली साधारण हजार एकर शेती स्वतः करायला घेतो. तो पण सेलिब्रिटीच, तो पण चुकतो, त्याच्याकडे काम करणारा पोरगा त्याला तोंडावर शिव्या घालतो. दादाला इंग्लिश सगळं कळत नाही, सबटायटल वाचतो. पण शेवटचा एपिसोड त्याला पाठ आहे. वर्षाच्या शेवटी त्याचा शेतीसल्लागार येतो, हिशोब समोर ठेवतो, आणि अख्ख्या वर्षाचा नफा निघतो एकशे चव्वेचाळीस पौंड. तेव्हाच्या भावानं पंधरा हजार रुपयांच्या आत.

"ह्यो खरा शेतकरी," दादा म्हणाला. "पट्टी दाखवली त्यानं."

पट्टी म्हणजे माल विकल्यावर मार्केटात मिळतो तो कागद. किती कॅरेट, किती वजन, काय भाव, हमाली-तोलाई जाऊन हातात काय. या घरात त्या एका कागदासाठी वर्ष चालतं. आमच्या 'जाऊ बाई गावात' मध्ये सगळं होतं, गाय होती, भांडणं होती, अश्रू होते, पट्टी मात्र कुठे दिसली नाही. दूध काढलं, पण ते डेअरीत काय भावानं गेलं? फॅट किती लागलं? खुराकाचं पोतं केवढ्याला? हे एकदा जरी पडद्यावर आलं असतं ना, तरी मी या लेखात हार्दिक जोशींना सलाम ठोकला असता.

(अडीचला फेज आला. मला सरी फोडायला दिली. मी फोडली ती चुकीच्या बाजूनं. त्यावर जास्त लिहीत नाही.)

आता खरा मुद्दा. तो सांगायला मला जरा अवघड जातंय, म्हणून इतकं फिरून आले.

दादा एकतीस वर्षांचा आहे. बी.एस्सी. झालाय, निर्व्यसनी, चार एकर बागायत. लग्न जमत नाहीये. सहा वर्षं बघतायत. आणि हे एका घरचं नाही, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी एक असा दादा, मामा किंवा चुलत भाऊ असेल. डिसेंबर 2022 मध्ये शेजारच्या सोलापुरात तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला होता, आम्हाला बायको मिळत नाही म्हणून. पुण्यात आम्ही तो व्हिडिओ एकमेकींना फॉरवर्ड करून हसलो होतो. त्यांच्या निवेदनात गर्भलिंग तपासणीचा कायदा कडक राबवा अशी मागणी होती, हे मी कितीतरी नंतर वाचलं. म्हणजे मुळात मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत त्याचा हिशोब त्या घोड्यावरच्या पोरांनी तरी मांडला होता. 2024 च्या विधानसभेला परळीतल्या एका उमेदवारानं तर 'निवडून द्या, पोरांची लग्नं लावतो' असं भाषणात सांगून टाकलं. तेव्हाही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत कॅरेट भरत होतो. रूममेटची आजी बांधावर बसून माझ्याकडे बघत होती. मी बऱ्यापैकी मन लावून काम करत होते. आजी म्हणाली, "पोरगी कामाला चांगली हाय. करती का गं शेतकऱ्याशी लगीन?"

सगळे हसले. काकू ओरडल्या, "आत्याबाई, पाहुणी हाय ती!" आणि मी काय म्हणाले? "आजी, माझं शिक्षण व्हायचंय अजून." गोड आवाजात. ज्या आवाजात प्रत्येक शोमध्ये कंटेस्टंट म्हणते, 'गावानं मला खूप काही शिकवलं' आणि गाडीत बसते. माझं पण रिटर्न तिकीट ठरलेलं होतं, रविवारी चारची एसटी.

परत येताना एसटीत मी रूममेटला विचारलं, "तू करशील? शेतकऱ्याशी?"

"वेडी का काय तू?" ती म्हणाली. एका सेकंदाचाही विचार न करता. "मी कशाला इंजिनिअरिंगला आले मग?"

"आणि दादाला कुणी करायचं?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. इंदापूर येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

मी तिच्यावर रागावले होते, हॉस्टेलला येईपर्यंत. मग रागवायचा मला काय हक्क, असं वाटलं. तिनं जे लहानपणापासून बघितलंय ते मी दोन दिवस बघितलं. काकू पाचला उठतात. गोठा, स्वयंपाक, डबे. मग बाग. मजुरांची हजेरी त्यांच्या वहीत, फवारणीच्या टाकीत औषध किती टाकायचं ते त्यांना पाठ, मुलीच्या कॉलेजच्या फीची तारीख पण त्याच वहीत. रात्री दादा दारं धरून आला की उठून चहा. शेतीचं निम्म्याहून जास्त काम ती बाई करते हे त्या घरात कुणी नाकारतही नाही. मग मी सहज विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? तर आधी आजोबांच्या, मग वडील आणि चुलत्यांच्या. आजीला विचारलं, "तुमचं नाव नाही?" आजी म्हणाली, "हाय की. रेशन कार्डावर."

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं होतं, आणि त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून गावोगाव मोहीम चालवली, की नवऱ्यानं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. नंतर सरकारनं त्याची योजनाही केली. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतका झाला. कागदावर सगळं आहे. पण रूममेटला पक्कं माहीत आहे की तिच्या लग्नानंतर कधीतरी हक्कसोड पत्रावर सही मागितली जाणार, आणि ती देणार, कारण न दिली तर माहेर तुटतं. म्हणजे माहेरची जमीन सोडायची आणि सासरच्या जमिनीवर राबायचं, जिथे तिचं नाव लागणार नाही. यातून तिनं काय निवडायला हवं होतं? ती इलेक्ट्रिकलला आली. मी पण हेच केलं असतं.

म्हणून मला या शोंचा राग येतो. 'शहरातल्या मुलीला गाव जमेल का?' हा प्रश्न इतक्या जोरात विचारतात, की त्याच्या आवाजात दुसरा प्रश्न ऐकूच येत नाही: गावातल्या मुलीला गाव का नकोय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जमतं. रमशाला जमलं, मलासुद्धा जमेल, वीस लाख ठेवले तर नक्कीच. दुसऱ्याचं उत्तर द्यायला विजेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं उघडावं लागेल, आणि त्याला स्पॉन्सर मिळणार नाही. माझ्या हातात असतं तर मी एकच नियम बदलला असता. पैसे नकोत, जिंकणारीनं तिथल्याच घरातल्या एका बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवून दाखवायचं. तलाठी ऑफिस, अर्ज, चुलत्यांची संमती, सगळं कॅमेऱ्यासमोर. दूध काढण्यापेक्षा अवघड टास्क आहे. टीआरपीचं मी बोलत नाही, पण मेसच्या मावशींनी ताट बाजूला ठेवून बघितला असता.

माझ्या घरी हे सगळं मी सांगितलं तर आई म्हणाली, "तू काय तिथे लग्न करणार आहेस का, एवढी तावातावानं बोलतेस ते?" परत तोच प्रश्न, फक्त आजीच्या उलट्या बाजूनं. मी परत उत्तर दिलं नाही. इथेही देत नाहीये, लेखाच्या नियमात बसत नसेल तर माफ करा. मला वीस वर्षं पूर्ण झालीत, मला काही ठरवायचं नाहीये. पण 'किती छान, किती साधं' असं म्हणून मी आता सुटू शकत नाही, एवढं नक्की.

गेल्या महिन्यात रूममेटच्या फोनवर दादाचा व्हॉइस मेसेज आला. एक स्थळ आलंय, मुलीकडच्यांनी विचारलंय, मुलगा कंपनीत आहे का? तर त्यानं आपल्या इथेच, लोणी देवकरच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात अर्ज टाकलाय. दिवसपाळी. रात्री लाइट असेल त्या आठवड्यात पाणी धरायचं, बाकी शेत आई बघेल. नवीन बायोडाटा टाइप करून दे, असं त्यानं बहिणीला सांगितलं. तिची व्हायवा होती, माझा टायपिंगचा स्पीड बरा आहे, म्हणून मी बसले. तो फोनवर सांगत होता, मी मराठीत टाइप करत होते. आधी नोकरी, मग शिक्षण, मग उंची, गोत्र. शेती सगळ्यात खाली.

"चार एकर," मी म्हटलं, "पुढे डाळिंब लिहू?"

"नको," तो म्हणाला. "नुसतं बागायत लिही."

(टी. ई. इलेक्ट्रिकल, लेडीज हॉस्टेल)